टाकीचं पोट

तात्या सकाळी शेणाची पाटी घेऊन गोबरगॅसच्या टाकीपाशी गेला नि तिथंच थबकला. गॅस भरला की टाकीवरचं लोखंडी झाकण कमरेएवढं वर यायचं. आज ते पार खाली बसलं होतं. पाटीही अर्धीच. दोन गायींतली दुभती पंधरवड्यामागं अंगावर गाठी उठून गेली. उरली ती म्हातारी. ती खाणार किती नि टाकणार किती.

"अहो, गॅस पुन्हा गेला," आतून बायको म्हणाली. "भाताला नुसतं आधण आलंय."

चुलीच्या धुरानं तिची छाती खाल्ली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता चुलीपुढं बसायचं नाही, जीव जाईल. त्या धाकानंच त्यानं हा खड्डा खणला होता. पाच वर्षं ती नीट श्वास घेत होती.

त्यानं मिस्त्रीला बोलावून आणलं. मिस्त्रीनं नळी पाहिली, झाकण ठोकलं, हात पुसले.

"तात्या, टाकी बिघडली असती तर दुरुस्त केली असती. हिचं पोटच रिकामं आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"शेजारून शेण आणून घातलं तर?"

"आज घातलं म्हणून आज पेटत नाही. रोज दोन गुरांचं शेण पडू दे, मग महिन्याभरानं बघू."

तात्या रिकामी पाटी घेऊन चुलत भावजयीच्या गोठ्यात गेला. तिच्या दावणीला चार म्हशी होत्या.

"वहिनी, रोज एक पाटी शेण मिळेल का?"

तिनं खराटा थांबवला. "भावोजी, पारसाल तुम्हीच आमच्या ओट्यावर बसून ह्यांना सांगितलंत, शेण म्हणजे सोनं, उकिरड्यावर टाकू नका. ह्यांनी ऐकलं, आमचीही टाकी झाली. आता घरात बाळंतीण आहे, दिवसभर पाणी तापतं. रोजचं कुठून देऊ?"

खोटं काही नव्हतं. तात्या मान खाली घालून उभा राहिला. तिलाच वाईट वाटलं. "आजची न्या. उद्याचं मात्र धरून बसू नका."

पाटी भरून तो परतला. शेण पाण्यात कालवलं, टाकीत सोडलं. झाकण तसूभरही हललं नाही.

मागच्या पडवीत बायको जुनी चूल सारवत होती. पदर नाकाला बांधलेला.

"ऊठ तिथून," तात्या म्हणाला.

"मग भात कोण शिजवणार?"

"मी शिजवतो. तू चिंचेखाली जाऊन बस."

"तुम्हाला जाळ लावता येतो?"

"येईल."

तिला धूर जाऊ नये म्हणून त्यानं पडवीचं दार लावलं, झरोक्यात पोतं कोंबलं. लाकडं ओली होती. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कुठं ती धुमसली. सगळा धूर आतच कोंडला.

"वाफ आली का?" बाहेरून तिचा आवाज आला.

"येतेय."

"मग जाळ कमी करा, झाकण ठेवा." थोडा वेळ गेला. "अहो, खोकताय तुम्ही."

"ठसका लागला," तो म्हणाला आणि पुन्हा लाकडावर वाकला.