काठी कोणत्या हातात

दादाच्या कादंबऱ्यांची प्रुफं गेली वीस वर्षं मीच तपासते. तो लांबच्या गावी, त्यामुळे सगळा कारभार टपालाने आणि फोनवर. त्याच्या जादूच्या राज्यात कोण कसं वागतं, याची मी एक वही ठेवली आहे. राणी खोटं बोलताना अंगठी फिरवते. म्हातारा जादूगार काठी उजव्या हातात धरतो आणि झग्याचं गळ्यापर्यंतचं प्रत्येक बटण लावतो, कारण स्वारी भारी गर्विष्ठ. दादा म्हणायचा, "माणूस तोंडाने थापा मारेल, हातांना ते जमत नाही."

सातव्या भागात या म्हाताऱ्याने माझं डोकं उठवलं. काठी डाव्या हातात. बटणं गायब, नुसती एक नाडी. पेला उचलताना सांडतोय. मी लाल पेनाने सगळं जिथल्या तिथे केलं आणि समासात लिहिलं, "दादा, हा म्हातारा तुझाच ना? जरा पहिला भाग वाच."

एरवी एका स्वल्पविरामासाठी तासभर भांडणारा माणूस. या वेळी प्रुफं मुकाट परत आली. प्रत्येक दुरुस्तीपुढे होकाराची खूण, तीही वेडीवाकडी. मला वाटलं, घाईत असेल. मोठी हुशार मी.

मागच्या महिन्यात दादा गेला. त्याची खोली आवरायला मी आणि वहिनी बसलो. टेबलावर फडकं गुंडाळून जाड केलेलं पेन होतं. बुटांच्या नाड्या काढलेल्या. बटणांचे शर्ट कपाटात मागे सारलेले, पुढे सगळे डोक्यातून घालायचे सदरे.

"वर्षभर उजवा हात चालत नव्हता," वहिनी म्हणाली. "तुम्हाला सांगू नकोस म्हणाले. 'पुस्तक आधी तीच वाचते, तिचं तिला कळेल,' म्हणाले."

त्याने मला सांगितलं होतं, पानोपानी सांगितलं होतं, आणि मी ते खोडून त्याच्याकडेच परत पाठवलं होतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तशीच उठून छापखान्यात फोन लावला.

"ताई, सगळं छापून झालंय," छापखानेवाले म्हणाले. "शेवटची सोळा पानं तेवढी राहिलीत."

शेवटच्या पानावर जादूगार काठी दाराशी टेकवून निघून जातो, माझ्या दुरुस्तीप्रमाणे उजव्या हाताने.

"तिथे 'उजव्या हाताने' खोडून 'डाव्या हाताने' करा," मी म्हणाले.

"पण मागच्याशी जुळायचं नाही. लोक म्हणतील, तपासणाऱ्याची चूक राहिली. आत तुमचं नाव आहे."

"म्हणू देत," मी म्हणाले. "राहिलीच आहे."