भूत काढून टाकल्यावर

परमेश्वरच्या भुताला अख्ख्या तलवाड्यात कुणी भीक घालीना. आता काय म्हणावं! उन्हाळ्यापासून पोरगं लॅपटॉपपुढं डोळे फोडत भीतीचा खेळ बनवत होतं. पुण्याच्या कंपनीनं बजावलं होतं: खेळताना कुणीतरी खरोखर घाबरलंय असा व्हिडिओ आजच्या आज पाठव, तरच नोकरी.

आणि चुलती चतुराबाई खेळातली ती रक्तानं माखलेली, झिंज्या सुटलेली बाई बघून काय म्हणाली? "आगं बया, हिच्या डोक्याला तेल लावाया कुणी न्हाई का?"

चुलते रामहरी अंगणात कानशीनं कोयत्याला धार लावत होते. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघायची. "असली लई बघितली रं," एवढंच म्हणाले.

परमेश्वर रडकुंडीला आला. रागारागानं त्यानं भूत पुसून टाकलं. मागं पडद्यावर उरला नुसता ऊस. त्याच्याकडं बघता बघता त्याला लहानपणीचा ऊसतोडीचा फड आठवला. तोडत तोडत शेवटचा तुकडा उरला की सगळी टोळी गप व्हायची. दिवसभर आत आत सरकलेलं जनावर त्यातच दडलेलं असायचं. डुक्कर की बिबट्या, ते बाहेर आल्यावरच कळणार. त्यानं तेवढंच खेळात घातलं. खेळातला माणूस चालला की उसात वाळलं पाचट वाजणार, थांबला की तेही थांबणार. दाखवायचं काहीच नाही.

मोबाईल रेकॉर्डिंगला लावून त्यानं लॅपटॉप चुलत्यांपुढं ठेवला. "तात्या, भूत काढलंय. हे बटन दाबून नुसतं पुढं चला."

रामहरी एका हातानं बटन दाबू लागले. दुसऱ्या हातात कोयता तसाच. पाचट वाजलं. ते थांबले. तेही थांबलं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"आगं ये, मागं सर," ते चतुराबाईला हळूच म्हणाले.

पुन्हा बटन दाबलं. पाचट अगदी जवळ वाजलं.

"आलं, आलं!" म्हणत रामहरींनी कोयता लॅपटॉपच्या मधोमध घातला.

परमेश्वर मटकन खाली बसला. खेळ त्या लॅपटॉपातच होता, दुसरीकडं कुठंच नाही! तरी त्यानं व्हिडिओ पाठवला. चहा होईस्तोवर उत्तर आलं: 'जबरदस्त! नोकरी पक्की. आता खेळ तेवढा पाठव.'

पोरगं हसतंय का रडतंय, कुणाला कळेना. "तात्या, सोडा की तो कोयता आता!"

रामहरींनी मूठ सोडली नाही.

"आदी बघ," ते म्हणाले, "मेलंय का ते."