तीन ओगराळी पाणी

बाकानं बोलू नये, मान्य. पण ज्या घरात माणसंच बोलत नाहीत, तिथे कुणीतरी तोंड उघडायला नको का? म्हणून मी बोलतोय. मी टाउनोच्या सौनातला बाक. फिनलंडच्या एका तळ्याकाठी, लाकडी खोलीत माझा जन्म. शनिवार आला की दगड तापवायचे, त्यांवर पाणी ओतायचं आणि उघडंबंब बसून वाफ घ्यायची, हे आमच्याकडचं देवदर्शनच.

टाउनोनं मला स्वतःच्या हातानं केलं. बिनगाठीचं लाकूड शोधून आणलं, कारण गाठ तापली की नको तिथे चटका बसतो. स्क्रूसुद्धा खालून बसवले. त्याची बायको हेल्वी माझ्यावर पहिल्यांदा बसली आणि म्हणाली, "छान झालाय हो." टाउनो म्हणाला, "हं." शपथेवर सांगतो, त्या दिवशी तो फार बोलला. पुढे हेल्वी वारली आणि ते "हं"सुद्धा महाग झालं.

माणूस कुठल्या देशाचा, हे मी तोंड बघून नाही, बैठकीवरून ओळखतो. शेजारचा डेटलेफ जर्मन. सकाळीच येऊन वरच्या कोपऱ्यात पंचा अंथरून जागा धरून जातो. अहो, येणार मोजकी तीन टाळकी, जागा पळवतंय कोण? टाउनोच्या बहिणीचा नवरा योरान स्वीडिश. पाणी ओतण्याआधी सगळ्यांचं मत घेतो, "कुणाला त्रास तर नाही ना होणार?" मतं गोळा होईपर्यंत दगड गार! आमची फिनिश माणसं मात्र सरळ, असं आपलं मला वाटतं. डेटलेफ म्हणतो, "फिनिश माणसापेक्षा त्याचा बाक बरा. करकरतो तरी."

अशात टाउनोच्या एकुलत्या एका लेकीनं, मार्युतनं, इटलीतल्या नेपल्सचा रुज्जेरो घरी आणला. पोरगा देखणा, पण आला तो पोहायची चड्डी घालून! योरान आढ्याकडे बघू लागला, डेटलेफनं नियम ऐकवला. मग पोराच्या तोंडाचा जो काही पट्टा सुटला म्हणता! आई, आईच्या हातचा टोमॅटोचा रस्सा, मावश्या, फुटबॉल. आणि सगळं दोन्ही हात हलवत. खोली एवढीशी, योरानच्या नाकाला दोनदा प्रसाद मिळाला.

मार्युतनं त्याला बजावलं होतं, "बाबाला काही विचारत बसू नकोस. मी हो म्हटलंय, झालं." पण याच्या घरी बापाला न विचारता लग्न म्हणजे चोरीच.

"बाबा," तो एकदाचा म्हणाला, "मला मार्युतशी लग्न करायचंय. नेपल्सला नेईन तिला. तुमची परवानगी हवी."

टाउनोनं ओगराळं भरून पाणी दगडांवर ओतलं. फस्स्!

ऐकू गेलं नसेल म्हणून पोरानं आवाज चढवला. फस्स्! मग आईची शपथ घालून विचारलं. फस्स्!

"शंभराच्या वर गेलंय तापमान, हे नियमात बसत नाही," डेटलेफ म्हणाला.

"आपण सगळे मिळून यावर चर्चा करूया का?" योरान म्हणाला.

रुज्जेरो लालबुंद होऊन बाहेर पळाला. "तुझा बाप मला वाफेनं हाकलतोय! उद्या पहिल्या बसनं मी चाललो!" तो ओरडला. भिंतीपलीकडे मार्युत हुंदके देत होती. इकडे टाउनोची बोटं माझ्या फळीवर घट्ट आवळली होती. पोरगी इतक्या लांब जाणार हे त्याला सोसत नव्हतं आणि मेल्याला ते सांगता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मार्युतनं धाडकन दार उघडलं. "बाबा, काय बोललास त्याला?"

"काही नाही."

"तेच तर!"

"तीन ओगराळी ओतली की!" टाउनो खरंच गोंधळला होता. "चांगली भरून. घरातल्या माणसाला देतात तशी वाफ दिली पोराला. योरानला कधी एक ओगराळंसुद्धा दिलं नाही."

"कळलंय ते मला," योरान पुटपुटला.

मार्युत रडता रडता हसायला लागली. "अरे बाबा, नेपल्सच्या माणसाला वाफ काय कळणार? त्याला शब्द लागतात, शब्द!"

टाउनो उठला. डेटलेफचा पंचा खस्सकन ओढून कमरेला गुंडाळला, बाहेर गेला आणि रुज्जेरोला दंडाला धरून आत घेऊन आला. शेजारी बसवलं. घसा खाकरला.

"नेपल्सला तुमच्या घरी सौना आहे?"

"नाही, बाबा."

"मग माझी लेक शनिवारी काय करणार?"

रुज्जेरो मार्युतकडे बघू लागला.

"बांधायला मला यावं लागेल," टाउनो म्हणाला.

पोरानं बोलायला तोंड उघडलं, टाउनोकडे पाहिलं आणि मिटलं. मग ओगराळं उचलून त्यानं सगळं पाणी दगडांवर ओतलं. माझा जीव भांड्यात पडला.

सध्या मुक्काम नेपल्स. तिकडच्या लाकडावर टाउनोचा भरवसा नाही, म्हणून मला खोलून बरोबर आणलं. सौना तयार होईपर्यंत मी गच्चीत पडून आहे. मावश्या माझ्यावर बसून शेंगा सोलतात, सगळ्या एकाच वेळी बोलतात, आणि ऐकणारा मी एकटा.

टाउनो एका उन्हाळ्यात काम उरकून परतणार होता. भिंती झाल्या, छत झालं, दगडही रचले. राहिलंय फक्त दार. तो रोज सकाळी मार्युतच्या हातची कॉफी पितो, ते दार थोडं तासतो, मान हलवतो आणि उद्यावर ढकलतो. हिवाळा गेला, दुसरा उन्हाळा आला. दार केव्हाचं चौकटीत नीट बसतंय, हे सगळ्यांना दिसतंय. पण एवढं बोलकं घर, त्यातल्या एकाही मावशीनं आजवर तसं म्हटलेलं नाही. आलात कधी गच्चीत, तर बसा माझ्यावर, शेंगा खा, हवं ते बोला. दाराचा विषय तेवढा काढू नका.