लवूबुवाचा अंगारा

सोमवारी लवूबुवाच्या मठीत पाय ठेवायला जागा नसे. नाटे बंदरावरच्या कितीतरी बायकांचे नवरे मुंबईला, नाहीतर बोटीवर. सणाला यायचे, चार दिवस राहून जायचे आणि मागे बायकांच्या जिवाला घोर. अशा बाईला बुवा चिमूटभर अंगारा द्यायचा आणि दिवस राहायचे नाहीत. "देवीनं कूस बांधलीन," तो डोळे मिटून म्हणायचा. "डॉक्टरची पायरी चढलीस तर गाठ सुटेल हां."

शिमग्याला आलेला नवरा मुंबईला परतला त्याच दिवशी जनी बुवाकडे गेली. "अवशेला ये," बुवा म्हणाला. अवस आठवड्यावर होती. जनीनं सांगितल्या दिवशी अंगारा घेतला, तरी दिवस राहिले. विचारायला गेली तेव्हा बुवा भर मठीत म्हणाला, "माझा अंगारा नवऱ्याच्या बीजावर चालतो. नाय चालला, तर बीज कोणाचं ते हिलाच विचारा."

संध्याकाळी सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं.

जनी रडत बसली नाही. मठीची झाडलोट तिच्याकडेच होती. सकाळी धुनीची राख उपसताना गोळ्यांची अर्धवट जळलेली चंदेरी पाकिटं हाताला लागली. ती पदरात बांधून तिनं सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर राजश्रीबाईंनी तिची सगळी हकीकत ऐकली आणि एका पाकिटावरची अक्षरं वाचली. "संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ही तातडीची गोळी. बुवा राखेत कुटून देतो. बाईचं बीज सुटणं ती लांबवते, म्हणून तीन दिवसांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. तरी कधी चुकते. तुला आठवड्यानं दिली."

"पोटातल्याला काय झालं असंल?"

"काही नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, त्याला इजाही करत नाही. पण ही अडीनडीची गोळी. नेहमीसाठी दुसरे उपाय आहेत, तेही सांगते."

पुढच्या सोमवारी जनीनं पाकिटं मठीच्या मधोमध ओतली आणि ऐकलं ते सगळं सांगितलं.

"देवीचा कोप होईल," बुवा गुरगुरला.

म्हातारी मथुराकाकी म्हणाली, "पण गो, गुण येत होता ना?"

"गुण गोळीचा, काकी. देवीचा असता तर आठवड्यानंही आला असता. स्वतःची लबाडी झाकायला यानं माझ्यावर चिखल उडवला." ती बुवाकडे वळली. "हे मूल ठेवायचं की नाय, ते मी नि माझा घोव ठरवू. तू कोण?"

बुवा उठून आतल्या खोलीत गेला. त्या रात्री जनीच्या नवऱ्यानं, संदेशनं, मुंबईहून फोनवर आईला सुनावलं, "शिमग्याला घरी मीच होतो." सासूनं स्वतः जनीचं ताट वाढलं.

आता बायका दवाखान्यात जातात. लाजणाऱ्या बाईला जनी एवढंच सांगते, "औषधाला नाव असतं, वेळ असते आणि त्याबद्दल कोणालाही विचारता येतं. जिथं विचारायची बंदी, तिथं हात पसरू नको, बाय."