पाच शब्दांची चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे, पण कागद कसा असतो ते मला ठाऊक नाही. माझा मुक्काम मोबाइलमध्ये. मित्रांनो, फोनवरच्या एआय सहायकाला तुम्ही प्रश्न विचारता ना, त्याच्याजवळ निरनिराळी साधने असतात. एक हवामान सांगते, एक पशुवैद्याला फोन लावते. साधन आतून कसे आहे हे सहायकाला दिसत नाही. त्याला दिसते फक्त त्यावर लावलेली चिठ्ठी. ती वाचूनच तो ठरवतो, कोणते साधन उचलायचे आणि त्याला काय पुरवायचे. मी मेंढ्यांच्या औषधाच्या साधनावरची चिठ्ठी.

मला सोनियाने लिहिले. ती सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. घर आटपाडीकडच्या माळावर, घरी पन्नास मेंढ्या. मेंढपाळांशी बोलणारा सहायक करायचाच, असे तिने मनावर घेतले होते. साधनासाठी ती दहा दिवस खपली आणि मला मात्र बसस्टँडवर गाडीची वाट पाहता पाहता उरकले. 'मेंढीला किती औषध ते सांगते.' पाच शब्द, बस्स. कॉलेजच्या प्रदर्शनात एक सर म्हणाले, "सुटसुटीत आहे." मीही लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले. थोडक्यात म्हणजे स्पष्ट, असा माझा समज होता.

मग सोनियाने तो सहायक आईच्या फोनमध्ये घातला. तिची आई बयाबाई. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला. पण दवाखान्यातून आलेले जंताचे औषध नवे होते आणि त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी बाटली फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली.

"बाबा, मेंढी दोन दाती हाय. ह्ये किती पाजू?"

आमच्याकडचे धनगर मेंढीचे वय दातांवरून धरतात. दोन दाती म्हणजे दोन मोठे दात आलेली, वर्ष-दीड वर्षाची मेंढी. साधन मात्र वय महिन्यांत मोजत होते. महिने की वर्षे, हे माझ्यात कुठेच नव्हते. दातांचे तर नावही नव्हते. सहायकाने माझे पाच शब्द वाचले आणि वयाच्या जागी दोन भरले. दोन महिन्यांच्या कोकराचे माप निघाले.

"एवढुसं?" बयाबाई पुटपुटल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "माज्या सोनीनं केलंय. चुकीचं कसं सांगंल?"

ते वाक्य आठवले की मला अजून लाज वाटते. त्यांनी स्वतःचा अनुभव बाजूला ठेवला आणि सगळ्या मेंढ्यांना तेच माप पाजले. जंत मेले नाहीत. पंधरा दिवसांत मेंढ्यांच्या जबड्याखाली सूज आली. डॉक्टर आले, बाकीच्या वाचल्या. कळपापुढे चालणारी चांदी गेली. तिचे कोकरू दोन दिवस वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, तिला हुडकत फिरत होते.

सोनिया पहिल्या गाडीने आली. "आये, बंदच करते मी हे," ती रडत म्हणाली.

"बंद कशापायी?" बयाबाई म्हणाल्या. "यंत्र शानं हाय गं. पर त्येनं मेंढरू कवा बघितलंय? नवा गडी आला तर पयल्या दिशी आमी त्येला समदं सांगतो. तू काय सांगितलंस?"

सोनियाने मला वाचून दाखवले. संपायला वेळ लागला नाही. बयाबाईंनी एक मेंढी पुढ्यात ओढली, तिचा खालचा ओठ खाली केला आणि म्हणाल्या, "लिव."

तीन दिवस त्या मायलेकी वाघरीत बसल्या. सोनियाने साधन वजनावर चालेल असे केले. मग मला लिहायची, आईला वाचून दाखवायची. बयाबाई जिथे अडतील तिथे खोडायची. 'जंताच्या औषधाचे माप सांगते. बाटलीचा फोटो आणि मेंढीचे वजन किलोत घ्यावे. मेंढपाळ वय दातांत सांगतात. त्यावरून अंदाज बांधू नये, वजन विचारावे. गाभण किंवा आजारी मेंढीसाठी हे साधन वापरू नये, पशुवैद्याला फोन लावावा.' मी चांगलीच अंगाने भरले. आता मला कोणी सुटसुटीत म्हणत नाही, आणि त्याचे मला काही वाटत नाही.

वर्ष सरले. चांदीचे कोकरू मोठे झाले. बयाबाईंनी त्याला पुढ्यात घेतले आणि मुद्दाम पूर्वीसारखेच विचारले, "बाबा, दोन दाती हाय. किती पाजू?"

मी जीव मुठीत धरून होते. सहायकाने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

"मावशी, वजन किती किलो आहे? काट्यावर घालून सांगता का?"

बयाबाईंनी पदराने डोळे पुसले. "आता इचारतंय," त्या कोकराला म्हणाल्या आणि काटा आणायला उठल्या.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कोणासाठी चिठ्ठी लिहाल. वाचणारा कितीही हुशार असला तरी तुमचा माळ त्याने पाहिलेला नसतो. त्याला सगळे सांगा. काय करायचे ते सांगा, काय करायचे नाही तेही सांगा. उद्या कोणी मला पुन्हा पाच शब्दांची करायला आले, तर मी एक शब्दही सोडणार नाही. माझ्यात जे लिहायचे राहिले होते, ते चांदीच्या जिवावर बेतले.