स्वेनिंगची टकटक

रविवारी तीनच्या कॉफीला गुद्रुनच्या दिवाणखान्यात बावीस माणसं दाटीवाटीने बसली होती आणि कुणाच्याही तोंडातला केकचा घास हलत नव्हता. सगळ्यांचे डोळे चार उंच स्पीकरांवर खिळले होते. ते गुद्रुनच्या नवऱ्याने, स्वेनिंगने, स्वतःच्या हाताने बनवलेले. स्वेनिंगला जाऊन वर्ष होत आलं होतं, पण दर रविवारी तो या स्पीकरांतून उत्तरं देतो अशी अख्ख्या व्हेस्टरहॉल्मची खात्री पटली होती. या बावीस जणांतल्या निम्म्यांनी गावच्या कारखान्यात स्पीकर जोडण्यातच जन्म घालवला होता. तीच मंडळी आता हाताची घडी घालून भुताची वाट बघत होती.

आत्म्यांशी बोलता येतं असं सांगून गुद्रुनच्या वरच्या खोलीत मुक्काम ठोकलेल्या पल्ले क्रॉगने डोळे मिटले. स्वेनिंगचा जुना, अवजड ॲम्प्लिफायर 'दुःखाने भरलाय' म्हणून त्याने गॅरेजमध्ये टाकायला लावला होता आणि त्या जागी स्वतःचा छोटा, चकचकीत आणून ठेवला होता. स्वेनिंगच्या आवडीचं ऑर्गनचं संगीत सुरू झालं.

"स्वेनिंग, आयनारने बोट विकावी का?"

ऑर्गनचा खोल सूर आला, घुमला आणि गेला.

"मौन म्हणजे होकार," पल्ले म्हणाला. आयनारची कळी खुलली.

"आता गुद्रुनचा प्रश्न. जरा आवाज वाढवतो, बायकोचं बोलणं त्याला नीट ऐकू जाऊ दे."

गुद्रुनने अदमासाने स्पीकरांकडे तोंड केलं. "स्वेनिंग, डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ का रे?"

खोल सूर आला. टक्! संगीत तुटलं. पाच सेकंद चारही स्पीकर बंद. मग पुन्हा टक्, आणि ऑर्गन सुरू.

"नको म्हणतोय! तिसऱ्यांदा!" पल्लेने छातीवर हात ठेवला. "आणि हवंय कशाला? डोळ्यांत घालायला माझं कॅमोमाइलच्या फुलांचं पाणी आहे की. स्वेनिंगनेच सुचवलेलं."

गुद्रुनच्या डाव्या हाताला स्वेनिंगची बहीण बोदिल बसली होती. तिची चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करण्यात गेली होती. एप्रिलात ईस्टरला पहिल्यांदा ही टकटक ऐकली, तेव्हाच तिने ती ओळखली होती. पण त्या दिवशी गुद्रुन कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली होती, हसली होती. मिळतंय तेवढं सुख मिळू दे, असं म्हणून बोदिल गप्प बसली, आणि आपल्याला हसू आवरणार नाही म्हणून पुन्हा आलीच नाही. आज आली, तर गुद्रुनने तिच्या कपात ओतायची कॉफी टेबलावर ओतली होती. ऑपरेशनचं तर ती आत्ताच ऐकत होती.

ती उठली. "आयनार, चल. गॅरेजमधलं दुःख उचलायला हात लाव."

"आत्मा चिडेल!" पल्ले ओरडला.

"माझा भाऊ होता. त्याला चिडवायची मला साठ वर्षांची सवय आहे."

तीस किलोचं ते धूड तिने जोडलं. तेच ऑर्गन, तोच सूर, आवाज इतका की बशा थरथरल्या. टक् झालं नाही. मग तिने पल्लेचा छोटा ॲम्प्लिफायर परत जोडला आणि आवाज चढवला.

"स्वेनिंग, पल्ले प्रामाणिक आहे का?"

टक्!

खोलीत हशा पिकला.

"स्वेनिंग, तू मेलायस का?"

टक्!

आता तर लोक मांड्या थोपटून हसले. गुद्रुन हसली नाही.

"चार स्पीकर एकत्र जोडले की ते भरमसाट विद्युतप्रवाह मागतात," बोदिल म्हणाली. "या खेळण्याला तेवढा झेपत नाही. मोठा सूर आला की जळू नये म्हणून आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टक् करून स्पीकरचा जोड तोडतो आणि थोड्या वेळाने परत जोडतो. आवाज वाढवला की 'नको', नाही वाढवला की 'हो'. कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे तुम्हाला! तेव्हा झोपा काढत होतात?"

"पण मी तिच्या भल्यासाठीच..." पल्ले पुटपुटला.

"हो तर! आंधळ्या बाईला तुझा हात कुठल्या बटणावर आहे ते दिसत नाही. आणि तुला वरची खोली आणि रोजचं आयतं जेवणही सुटत नाही."

मघाशी माना डोलावणाऱ्यांनीच पल्लेची बॅग रस्त्यावर भिरकावली. सगळ्यांत मोठ्याने आयनार ओरडत होता.

खोली रिकामी झाल्यावर गुद्रुनने बोदिलला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"ईस्टरपासून."

बाहेर ऑक्टोबर सरत आला होता.

आठवड्याने डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. उजवा डोळा ऑपरेशनने वाचेल. डावा गेला, तो परत येणार नाही. "ईस्टरच्या सुमाराला आला असतात, तर दोन्ही वाचवले असते," डॉक्टर म्हणाले आणि कागद भरू लागले.

परतताना बोदिल गाडी चालवत होती.

"त्या रविवारी मी स्वेनिंगला दुसऱ्यांदा पुरलं," गुद्रुन म्हणाली. "ते सोसलं मी. ईस्टरलाही सोसलं असतं. यापुढे असलं काही कळलं, तर त्याच दिवशी बोलत जा. समोरचा रडला तरी बोल. माझ्याशीच नाही, कुणाशीही."

"बोलेन," बोदिल म्हणाली.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ती गुद्रुनच्या डाव्या बाजूला बसली होती. तिच्याकडे बघायचं तर आता गुद्रुनला अख्खी मान वळवावी लागली असती. घर येईपर्यंत तिने ती वळवली नाही.