उपास

तृप्तीला जालन्याच्या त्या दवाखान्यात लागून तीन महिने झाले होते. नर्सिंगची पदवी ताजी, अंगावरचा पांढरा ड्रेस त्याहून ताजा. नव्या पोरींना तिथं सहा महिने कुण्या जुन्या सिस्टरच्या हाताखाली शिकावं लागे आणि मगच कायम करत. तृप्ती गंधाली मॅडमच्या वाट्याला आली. मॅडम कामाला वाघीण, जिभेला सुरी.

पहिल्याच आठवड्यात तृप्तीनं एका म्हाताऱ्याला सांगितलं, "शस्त्रक्रियेपूर्वी तोंडावाटे काहीही घेऊ नये." म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मॅडम म्हणाल्या, "तोंडावाटे नाही, मग काय नाकावाटे घेऊ दे त्याला? अगं, तू जाफराबादची ना? पेशंटशी घरच्यासारखं बोल."

एवढंच पाहिजे होतं. तृप्ती मोकळी झाली. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. तृप्तीचं बोलणं तर वॉर्डभर खपलं. म्हाताऱ्या तिलाच हाका मारायच्या. मॅडमनीही एकदा "ही टिकेल" म्हटलं, आणि तृप्तीनं ते त्याच दिवशी फोन करून आईला सांगितलं.

पिंपळगाव रेणुकाईच्या तुळजाबाई पित्ताच्या खड्यांसाठी भरती झाल्या. सोबत सून उषाबाई. मुलगा कारभारी शेतीतून येऊन जाऊन असायचा. उषाबाई शहरातल्या मामेबहिणीकडे स्वयंपाक करून सासूचा डबा आणायच्या, आणि तो सासूनं संपवेपर्यंत स्वतः खायच्या नाहीत. ऑपरेशन सोमवारी ठरलं. रविवारी संध्याकाळी तृप्ती तुळजाबाईंच्या उशाशी बसली आणि उषाबाईंना घरच्यासारखंच म्हणाली, "काकू, उद्या आजीला उपास बरं का. बराबर धरायचा."

"त्या सोमवार धरतेतच, ताई," उषाबाई म्हणाल्या. "त्याची फिकीर करू नका."

काम किती सोपं झालं, असं तृप्तीला वाटलं. पुढं तिला त्याचीच सगळ्यात जास्त चीड आली.

सोमवारी टेबलावर घेण्याआधी भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लं?"

"न्हाई बाबा, उपास हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. मॅडमनी हलवली. तृप्ती तर हसलीसुद्धा. आपल्याकडे उपासाला माणूस भगर खातो, शेंगदाण्याची आमटी खातो, वर चहा पितो, आणि तरी काही खाल्लं नाही असंच सांगतो. त्यात खोटं काहीच नसतं. हे तिथं तृप्तीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरात दर सोमवारी भगर शिजत होती.

भूल चढली आणि तुळजाबाईंच्या पोटातलं वर आलं. सकाळच्या डब्यातल्या भगरीची पांढरी शितं होती. ती श्वासनळीत गेली. मशीन लावलं, नळ्या घातल्या, पण छाती भरली ती रिकामी झालीच नाही. पुढच्या सोमवारी सकाळी तुळजाबाई गेल्या.

दवाखान्यानं कारभारीला सांगितलं, नातेवाइकांनी खायला घातलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. मॅडमनी तृप्तीला कपाटाआड घेऊन बजावलं, "भगर त्यांनी दिली, तू नाही. तीन महिन्यांनी तुला कायम करायचा विषय येईल. तोंड उघडू नकोस."  घरच्यासारखं बोल, हे कुणी शिकवलं ते त्यांनाही आठवत असणार.

कारभारी आईला घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये बसला. बायकोला त्यानं आत घेतलं नाही. "तू ये जीपनं. न्हाई आलीस तरी चालंल," म्हणाला आणि दार ओढलं.

उषाबाई बाहेरच्या बाकावर एकट्या बसून राहिल्या. मग मात्र तृप्तीला राहवलं नाही. नोकरी गेली चुलीत, म्हणत ती पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्याजवळ गेली.

"काकू, चूक माझी आहे. मी उपास म्हणाले. मला उपाशी म्हणायचं होतं."

"मंग? त्यात वायलं काय हाय?"

"उपाशी म्हणजे काहीच नाही. भगर नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. हे मी सांगायला पाहिजे होतं. मी कारभारीदादांना फोन करून सांगते."

 उषाबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"तुमी लेकीवानी हायत, म्हनून माझं पाप अंगावर घेऊन राह्यल्या. बिलकुल घेऊ नका. काय झालं ते मला ठावं हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "बहिनीकडं सैंधव सरलं व्हतं. जल्दीत मी भगरीत साधं मीठ टाकलं. कुनाला बोलले न्हाई. तिथंच उपास मोडला."

"काकू, मिठाचा काही संबंध नाही. आईची शपथ."

"असू द्या." लहान पोराची समजूत काढावी तसं त्या म्हणाल्या. "यांनाबी मी मिठाचं सांगून टाकलं. म्हनून तर आत बसू दिलं न्हाई."

तृप्तीला रडू फुटलं. चूक माझी आहे, मिठाचा संबंध नाही, ही दोन्ही वाक्यं शुद्ध मराठी होती, आणि एकही त्या बाईपर्यंत पोचत नव्हतं. ऊन चढलं होतं. उषाबाईंचे ओठ पांढरे पडले होते. काही सुचेना, तेव्हा तृप्तीनं ग्लास पुढं केला. "निदान पाणी तरी प्या."

उषाबाईंनी ग्लास हळूच बाजूला सारला.

"आज सोमवार हाय, ताई. आता जित्ती हाय तवर सोमवारी पान्याचा थेंब न्हाई."